उधाणाला नको, भांगाला उत्तम

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून "नोकरीतले अनुभव लिहा" असं सांगितलं आणि मग माझं वय विचारलं. मी एकोणतीस म्हटलं. या पानांवर सहसा निवृत्त माणसं लिहितात, असं ते अगदी हळुवारपणे म्हणाले. मी म्हटलं, निवृत्त मीही झाले आहे. शाल-नारळ तेवढा मिळाला नाही. वॉचमनने गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं, तोच निरोप समारंभ. संपादक हसले आणि म्हणाले, लिहा.

तर माझी नोकरी अशी होती की मी नाशिकमध्ये, द्वारकेच्या चौकात, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून कोकणातल्या मच्छीमारांना समुद्र सांगत असे.

इथे समुद्र नाही, हे मला माहीत होतं. आमच्या कंपनीला तो फार महत्त्वाचा मुद्दा वाटला नाही.

कंपनीचा मूळ धंदा कांदा आणि द्राक्षं. शेतकऱ्याचा फोन संध्याकाळी वाजतो. तो उचलला की एक आवाज सांगतो, उद्या वारा किती, दव पडेल का, फवारणी करावी की टाळावी. तो आवाज माझा. मजकूरही माझा, म्हणजे रिकाम्या जागा भरण्याइतका माझा. संगणकावर एक तक्ता असे. आकडे हिरवे झाले की 'उत्तम दिवस' म्हणायचं, लाल झाले की 'टाळावे' म्हणायचं. पाच मिनिटांत कोणीही शिकेल असं हे काम. मला ते मिळायला दोन मुलाखती आणि एक मानसशास्त्रीय चाचणी द्यावी लागली.

रेकॉर्डिंगच्या खोलीला आतून जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. तरी खालच्या ट्रकांचा हॉर्न घुसायचाच. कांदेवाल्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. त्यांच्या आयुष्यात ट्रकचा हॉर्न ही चांगलीच बातमी असते.

एका पावसाळ्यात कंपनीला एका खाडीचं काम मिळालं. मोठी, रुंद तोंडाची खाडी, काठावर कोळीवाडे. तिथल्या मच्छीमारांना रोज 'सागरी सल्ला' द्यायचा. पैसे कोणी बाहेरची संस्था देणार होती. आमचे साहेब प्रशांतसर निफाडकडच्या शेतकरी घरातले. कष्टाने वर आलेले आहेत आणि हे ते दिवसातून एकदा तरी सांगतात. त्यांनी बातमी दिली तेव्हा मी विचारलं, "सर, आपल्यात मासेमारीचं कोणाला कळतं?"

"क्रांती, हवामान म्हणजे हवामान," सर म्हणाले. "कांद्याच्या जागी मासे टाकायचे. टेन्शन काय त्यात?"

हो, माझं नाव क्रांती. वडील सातपूरच्या कारखान्यात लेथवर होते आणि उरलेल्या वेळात युनियनची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात मुलांना गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं मिळाली. मी घडी घालायला शिकले ती पत्रकांचीच. असं नाव घेऊन 'फवारणी टाळावी' म्हणत पोट भरणं यातली गंमत माझ्या वडिलांना दिसली होती, पण ते बिचारे बोलले नाहीत.

सरांनी खरोखरच कांद्याचा तक्ता घेतला आणि कांद्याच्या जागी मासे टाकले. वारा होताच, लाटा जोडल्या, पाण्याच्या प्रवाहाचा एक रकाना वाढवला. प्रवाह मंद असला की हिरवा, जोरदार असला की लाल. दिसायला हे फार समंजस होतं. पाणी शांत, तर मासेमारीला उत्तम. पाणी खवळलेलं, तर टाळावे. नाशिकमध्ये बसलेल्या कोणत्याही सुशिक्षित माणसाला हे पटेल. मलाही पटलं.

नारळी पौर्णिमेनंतर संदेश सुरू झाले. "नमस्कार मच्छीमार बंधूंनो. उद्या खाडीतील पाणी शांत राहील. मासेमारीसाठी उत्तम दिवस." संदेशाच्या शेवटी 'अधिक माहितीसाठी एक दाबा' अशी सोय असे. एक दाबणाऱ्यांशी बोलायचं कामही माझंच होतं, कारण वेगळा माणूस ठेवायला पगार लागतो.

पहिल्यांदा एक दाबला तो येवल्याच्या एका विणकराने.

"ताई, ते समुद्राचं तुमीच सांगता का?"

मी हो म्हटलं आणि त्यांचा नंबर पाहिला. काकांचा पैठणीचा माग आहे. कोणीतरी याद्या इकडच्या तिकडे केल्या होत्या, आणि येवल्यात बसलेल्या या माणसाला रोज खाडीच्या लाटांची उंची कळत होती. मी माफी मागितली आणि नाव काढून टाकते म्हणाले.

"नका काढू!" काका घाईने म्हणाले. "लय भारी वाटतं ऐकायला. दिवसभर मागावर बसून मान अवघडते, मग संध्याकाळी तुमचा समुद्र येतो. कालच्यापेक्षा आज लाटा कमी झाल्या ना?"

मी त्यांचं नाव ठेवलं, आणि माझा मोबाइल नंबरही दिला. कंपनीच्या सगळ्या ग्राहकांमध्ये पूर्ण समाधानी असा हा एकच होता, आणि त्याच्याकडे होडी नव्हती.

दुसरा फोन खाडीवरून आला. बाईचा आवाज होता, मागे कोंबड्या आणि भांड्यांचा गलका.

"काय गो, तूच काय ती नाशिकवाली?"

"नमस्कार, मी सागरी सल्ला केंद्रातून क्रांती बोलते."

"मी हिराबाय. मला सांग, तुझ्यामागं तो भोंगा कोनचा वाजतो? बोटीवर बसतेस काय?"

"ट्रक आहे मावशी."

पलीकडे पाच-सहा बायका एकदम हसल्या. खाडीवर यावरून पैज लागली होती, हे मला नंतर कळलं.

"बरा हाय ट्रक," हिराबाय म्हणाली. "आता मला सांग, काल उत्तम दिवस कंचा होता गो? काल अष्टमी. भांगाचं पानी. आमचे सगळे होडीवाले घरात बसून जाली शिवतात, आनि तू म्हनतेस उत्तम?"

भांग म्हणजे काय, हे मी विचारलं. विचारायला लाज वाटली, पण पगार घेताना वाटली नव्हती, तेव्हा विचारलं. हिराबायने जे सांगितलं ते मी वाचकांसाठी थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

या खाडीत डोलीची मासेमारी चालते. डोल म्हणजे मोठ्या तोंडाची, मागे निमुळती होत गेलेली पिशवीसारखी जाळी. ती प्रवाहात बांधून ठेवतात. माशांमागे कोणी धावत नाही. भरती-ओहोटीचं पाणी जोरात ओढतं आणि बोंबील, जवळा, कोळंबी आपोआप पिशवीत येऊन पडतात. पाणी थांबलं की होडीने जाऊन डोल उचलायची. म्हणजे प्रवाह हाच यांचा खरा नोकर. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात जोरात चढतं-उतरतं, ते उधाण. तेव्हा डोली भरतात. अष्टमीच्या आसपास पाणी मलूल असतं, तो भांग. तेव्हा डोल लावणं म्हणजे वारा पडलेला असताना पतंग उडवणं.

"पानीच नाय ओढलं तर मासा काय चालत येनार डोलीत? रिक्षा करून?" हिराबायने विचारलं.

मी तक्ता उघडून पाहिला. भांगाच्या प्रत्येक दिवशी आम्ही 'उत्तम' म्हटलं होतं. उधाणाच्या प्रत्येक दिवशी 'टाळावे'. एक दिवसही चुकून बरोबर आलेला नव्हता. इतकं अचूक उलटं सांगायलाही शिस्त लागते.

मी धावत सरांकडे गेले. धावत जाण्यासारखं काही सापडलं की मी धावतेच, ही पत्रकांच्या घरातली सवय. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे त्यांना माहितीये ना, कधी जायचं ते?"

"हो सर, पण आपण उलटं—"

"मग कोणाचं नुकसान झालं का?"

"नाही, पण—"

"आणि हे बघ." सरांनी एक आलेख माझ्याकडे वळवला. संदेश शेवटपर्यंत ऐकणाऱ्यांची रेषा वर वर चालली होती. "कांदेवाले पण एवढं ऐकत नाहीत. क्लायंट खूश आहे. तक्ता बदलायचा तर सगळी मंजुरी परत घ्यावी लागेल. पुढच्या मोसमात बघू."

रेषा वर का चालली होती, ते मला हिराबायकडून कळलं. संध्याकाळी धक्क्यावर माणसं जमत आणि एकाचा फोन स्पीकरवर लावत. आधी हसण्यासाठी. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की हिला नीट उलटं वाचलं तर ती पंचांगाइतकी पक्की आहे. तरुण पोरांना तिथी मोजायचा कंटाळा. नाशिकवाली 'टाळावे' म्हणाली की उधाण लागलं, घरातल्या डोली काढून होडीत टाका. 'उत्तम' म्हणाली की झोपा. आमच्या कंपनीने मच्छीमारांना खरोखरच उपयोगी पडणारी एक सेवा दिली होती, आणि तीही कोणाच्या मनात नसताना.

हिराबाय आता अधूनमधून गप्पांसाठीच एक दाबायची. नवरा आणि मुलगा एका होडीवर, ही बोंबील वाळवून विकणार. दसऱ्यानंतर थंडी लागते, पाऊस संपलेला असतो, पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि बोंबील दोरीवर खडखडीत वाळतात. "ह्ये दिवस म्हंजे आमची दिवाली," ती म्हणायची. "तुमची चार दिवसांची, आमची थंडीभर." मी तिला काही लपवलं नाही. कंपनी तक्ता बदलणार नाही हेही सांगितलं. ती म्हणाली, "नको बदलू गो. आता सवय झाली."

तिला काय वाटलं असेल ते असो, मला मात्र घाम फुटायला हवा होता. फुटला तो कार्तिकात.

त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली होती. उधाण चढत होतं, तक्ता नेहमीप्रमाणे लाल होता. त्या दिवशी मात्र वाऱ्याचा रकानाही लाल झाला. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता आणि दुसऱ्या दिवशी तो किनाऱ्याजवळून सरकणार होता. सरकारी इशारा निघाला होताच. पण तो खोल समुद्रातल्या मोठ्या बोटींसाठी असतो, असं खाडीने स्वतःपुरतं ठरवून टाकलेलं. उधाणाचं चढलेलं पाणी, त्यावर बाहेरून येणारा वारा, आणि त्या दोघांमध्ये डोल उचलायला थांबलेली छोटी होडी. हे चित्र समजायला तोवर मी पुरेशी शिकले होते.

दुपारी मी गाद्यांच्या खोलीत जाऊन संदेश रेकॉर्ड केला. "नमस्कार मच्छीमार बंधूंनो. उद्या खाडीतील पाणी व वारा जोरदार राहील. मासेमारीस जाणे टाळावे." बटण बंद केलं आणि मग मला माझंच वाक्य ऐकू आलं.

हेच वाक्य मी गेल्या पौर्णिमेला म्हटलं होतं. त्याआधीच्या अमावास्येलाही. आणि प्रत्येक वेळी खाडीने ते ऐकून डोली काढल्या होत्या.

मी हिराबायला फोन लावला.

"मावशी, उद्या होड्या जाऊ देऊ नका."

"तू नको म्हनतेस म्हंजे डोल फुटेस्तोवर भरनार!" ती खुशीत होती. मागे कोणीतरी शिट्टी वाजवली.

"मावशी, हे तसलं नाही. वादळ आहे."

"आमाला वादल शिकवू नको गो. खाडीच्या आत काय येत नाय. दरवर्षी ऐकतो."

"आज मी खरं सांगते आहे."

तिने मागच्यांना गप्प केलं. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, "मी ऐकेन. माझा घरवाला पन ऐकेल, मी त्याला ऐकवीन. पन बाकी होड्या सकालच्या पान्याला निघनार. त्यांना मी सांगू काय, की नाशिकवाली आज उलटी नाय? हसतील मला. ते तुझंच ऐकनार, पोरी. तूच सवय लावलीस."

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. संदेशात एक वाक्य बदलायचं आहे, म्हटलं. आजपर्यंतचे आमचे सल्ले चुकीचे होते, असं स्पष्ट सांगायचं.

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "वेडी आहेस का? 'चुकीचे होते' हे आपण आपल्याच आवाजात, सगळ्या ग्राहकांना पाठवायचं? क्लायंट उद्या करार फाडेल."

"उद्या होड्या गेल्या तर?"

"तू 'टाळावे' म्हटलंयस ना? मग आपली बाजू क्लिअर आहे."

"सर, आपण 'टाळावे' म्हटलं म्हणूनच ते जाणार आहेत!"

"हवं तर 'अधिक सावधगिरी बाळगावी' जोड," सर उदारपणे म्हणाले. "त्याला मंजुरी लागत नाही." आणि त्यांचा फोन वाजला.

मी खोलीत परत आले आणि वडिलांची आठवण झाली. पत्रक कसं लिहावं, यावर त्यांचा एकच धडा होता. शिफ्ट सुटते तेव्हा कामगाराचा एक पाय बसच्या पायरीवर असतो. त्याच्या हातात पत्रक पडतं. तो पहिली ओळ वाचतो. ती लागली तर कागद खिशात, नाही तर भेळवाल्याकडे. 'बंधूंनो' असं लिहिलंस की गेला कागद भेळेला, ते म्हणायचे. कामाचं आहे ते पहिल्या ओळीत टाक.

मी आधीचं रेकॉर्डिंग पुसलं. नमस्कार नाही, बंधू नाहीत. खाली ट्रक हॉर्न देत होता, तो तसाच राहू दिला, म्हणजे आवाज माझाच आहे हे ओळखू येईल.

"नाशिकवाली आजवर उलटं बोलत होती. आज सुलट बोलते आहे. उद्या वादळी वारा खाडीत शिरणार. होड्या काढू नका. पाणी कितीही चांगलं दिसलं तरी काढू नका. आमचा तक्ता चुकीचा होता, ते आम्हाला माहीत होतं, आणि तरी आम्ही बदलला नाही. हसायचं असेल तर परवा हसा."

आणि संदेश पाठवला. पाठवायचं बटण माझ्याच टेबलावर होतं. ते दाबायलाही वेगळा माणूस ठेवला असता तर कंपनी वाचली असती.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले, तर सरांनी वॉचमनला माझं ओळखपत्र काढून घ्यायला लावलं. 'शिस्तभंग आणि संस्थेची बदनामी', असं सरांनी सांगितलं. बदनामी कशी, मी खरंच बोलले, असं मी म्हणाले. सर म्हणाले, तेच तर. मग द्वारकेच्या चौकात उभं राहून मी हिराबायला फोन लावत बसले. लागत नव्हता. आभाळ नुसतं ढगाळ होतं, नाशिकला त्या दिवशी त्याहून जास्त काही झालं नाही. रिक्षावाले सीट ओरडत होते. खाडीत काय चाललं आहे हे मला कळायला मार्ग नव्हता, आणि ते सांगायची नोकरी माझीच होती.

फोन आला तो येवल्याच्या काकांचा.

"ताई, होड्या गेल्या का राहिल्या?"

"माहीत नाही काका."

"माग बंद ठेवलाय मी," काका म्हणाले. "हात चालंना. कळलं की मला सांगा बरं का. याद्याबिद्यातून काढू नका."

संध्याकाळी हिराबायचा फोन लागला, आणि मी काही विचारायच्या आत ती सुरू झाली.

"काय गो ये भवाने! होड्या काढू नका म्हनालीस, बोंबील आत घ्या कोन म्हननार होतं? सगली दोरी आडवी केली वाऱ्यानं! चिखलात लोलले माझे बोंबील!"

"मावशी, माणसं?"

"मानसं काय, बसलीत घरात चहा पीत! तीच तर आता मला बोलतात, बोंबील का नाय उचलले म्हनून!"

मी चौकात, रिक्षांच्या गर्दीत, मोठ्याने हसले. लोकांनी वळून पाहिलं.

एकही होडी गेली नव्हती. वारा खाडीत शिरला होता. आधीच लावून ठेवलेल्या काही डोली तुटून वाहून गेल्या होत्या. मोठं वादळ मात्र बाहेरच्या बाहेर उत्तरेला निघून गेलं. होड्या गेल्या असत्या तर काय झालं असतं, हे कोणीच सांगू शकत नाही. या धंद्याची हीच खोड आहे. सल्ला बरोबर ठरला की काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याला साक्षीदार मिळत नाही. प्रशांतसर म्हणाले असते, बघ, काही झालंच नाही ना?

पण ते तसं म्हणाले नाहीत. बाहेरच्या संस्थेला खाडीवरून कौतुकाचे फोन गेले, आणि माझ्या संदेशाला 'कंपनीची प्रामाणिक संवादाची संस्कृती' असं नाव मिळालं. त्याबद्दल सरांना प्रशस्तिपत्र मिळालं. द्वारकेच्या त्या तिसऱ्या मजल्यावर ते भिंतीला लावलं आहे म्हणतात. मला आत सोडत नाहीत, म्हणून ऐकीव माहितीवर लिहिते आहे.

माझ्या जागी नवा आवाज आला. तक्ता अजून तोच आहे, पण कंपनी शहाणी झाली. धोका नको म्हणून आता रोजच 'टाळावे' जातं. भांग असो, उधाण असो, टाळावे. हिराबाय वैतागली आहे.

"उलटं करायची तरी सोय होती गो तुझ्यात," ती म्हणते. "ह्या नव्या बाईचं कसं करायचं, आडवं?"

पोरांना परत तिथी मोजायला लागल्या आहेत, हा त्यातल्या त्यात फायदा.

मी आता सातपूरला घरी असते. कुठे कुठे मजकूर लिहून देते आणि वडिलांच्या जुन्या मित्रांसाठी पत्रकंही. संध्याकाळ झाली की सरकारी संकेतस्थळावर वारा पाहते. कोणी सांगितलेलं नाही, पगार नाही, मंजुरी तर अजिबात नाही. थोड्या वेळाने फोन वाजतो. ती मला पाणी सांगते, उधाण किती चढलं, भांग कधी लागणार. मी तिला वारा सांगते. 'उत्तम दिवस' हे शब्द मी आता कोणासाठीच वापरत नाही, वाढदिवसालाही नाही. नंतर येवल्याला फोन करून काकांना दोन्ही सांगते, कारण त्याशिवाय ते माग बंद करत नाहीत.

कालही फोन आला. नुकताच परत दसरा झाला आहे, दोरीवर बोंबील आहेत, होडी सकाळी निघायची आहे.

"बोल गो," हिराबाय म्हणाली. "वारा काय म्हनतो?"

"मंद आहे मावशी. रात्रीतून बदलायचं काही चिन्ह नाही."

तिने खात्री करून घेतली.

"सुलट ना?"

"सुलट."

"ए, डोल काढा रे," ती मागे वळून ओरडली, आणि फोन ठेवायचं विसरून गेली.